'निघालं तेवढं भरा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर: ऑटोमॅटिक पिकअपचं ऑइल घरी बदलताना

कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. 'शोरूमवाले लुटतात, ऑटोमॅटिक पिकअपचं गिअर ऑइल घरीच बदला, वीस मिनिटांचं काम' अशी सुरुवात, खाली सहा मुद्दे आणि शेवटी 'नाद खुळा'. मुद्दे थोडक्यात असे. ड्रेन प्लग काढला की जुनं ऑइल सगळं उतरतं. कुठलंही लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं. निघालं तेवढं मोजून भरा, लेव्हल बघायची गरज नाही. गिअरबॉक्सच्या तळातल्या मॅग्नेटवर चुरा दिसला तर गिअरबॉक्स संपला. गाडी लाख किलोमीटरवर गेली असेल तर ऑइलला हातच लावू नका. आणि जुनं ऑइल कुंपणाच्या खांबांना लावा, वाळवी लागत नाही.

घरी बदलायला माझी हरकत नाही. ज्या गावात अर्ध्या घरांत पान्यांचा सेट सापडतो, तिथं 'हे तुमचं काम नव्हे' असं कोण कुणाला सांगणार? हरकत आहे ती मेसेजनं सोपं करून सांगताना नेमकं जे अवघड आहे तेच गाळलं, याला.

आधी एक खुलासा. आपल्या जिल्ह्यात दुधाचे कॅन, भाजी नि गुळाचे रवे वाहणाऱ्या पिकअप जवळजवळ सगळ्या मॅन्युअल गिअरच्या. त्यात साधं गिअर ऑइल असतं, त्यांना हा मेसेज लागू होतच नाही. हे सगळं आहे ते टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसच्या ऑटोमॅटिक मॉडेलसारख्या, सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांबद्दल. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद ऑइलातून गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग. एएमटी, सीव्हीटी, डबल क्लच ही ऑटोमॅटिकमधलीच दुसरी मंडळी, ती वेगळी. त्यांची ऑइलंही वेगळी.

मेसेजला एक श्रेय द्यायलाच हवं. ऑइल बदलावं लागतं हे तो मान्य करतो. 'लाइफटाइम ऑइल आहे, काही करू नका' असं काउंटरवर ऐकून परत आलेले बरेच जण आहेत. झेडएफ ही जर्मन कंपनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. तिचे गिअरबॉक्स बसवणाऱ्या काही गाडी कंपन्या आतल्या ऑइलला लाइफटाइम म्हणतात, पण खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की ते बदलायला सांगते. त्यात वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला माल आणायचा म्हटलं की हिशेब आणखी बदलतो. चढाला खालच्या गिअरात टॉर्क कन्व्हर्टर लॉक न होता नुसता ऑइल घुसळत राहतो, आणि ती सगळी उष्णता त्याच ऑइलात जाते. गाडीच्या माहितीपुस्तकात, म्हणजे मॅन्युअलमध्ये, घाट, ट्रेलर ओढणं, धूळ अशा कडक वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं. आपल्यापैकी बरेच जण त्याच रकान्यात बसतात.

आता मुद्दे.

'प्लग काढला की सगळं ऑइल उतरतं.' इंजिन ऑइलची सवय लागलेल्याला असं वाटणं साहजिक आहे. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल नुसतं खाली पॅनमध्ये (तळाच्या ट्रेमध्ये) बसलेलं नसतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात, ऑइलची वाट बदलून गिअर पाडणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत, क्लच प्लेटांच्या गठ्ठ्यांत (क्लच पॅक) आणि पुढं रेडिएटरकडं जाणाऱ्या कूलरच्या नळ्यांत ते अडकलेलं असतं. प्लगमधून येतं ते फक्त पॅनमधलं. समजायला सोपं जावं म्हणून धरा की एकूण १० लिटर बसतं आणि प्लगमधून ४ उतरतं. म्हणजे पहिल्या वेळी नवं झालं ४० टक्के. काही दिवस गाडी चालवून, आतलं सगळं मिसळू देऊन पुन्हा ४ काढलं आणि ४ घातलं की ६४ टक्के. तिसऱ्यांदा केलं की ७८. चौथ्यांदा ८७. शंभर कधीच होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. दोन-तीन वेळा केलं तर ऑइलचा दर्जा बराच वर येतो. खरं तर घरी करणाऱ्यासाठी हाच मार्ग मला बरा वाटतो. कूलरची नळी सोडून, इंजिन चालू ठेवून जुनं बाहेर आणि नवं आत ही पद्धत व्हिडिओत झकास दिसते. पण नवं ओतणाऱ्याचा हात मागं पडला की पंप कोरडा फिरतो, आणि मग जे होतं ते खर्चिक असतं.

प्लग सोडण्याआधी एक नियम मात्र पाठच करा: आधी भरायचा प्लग सैल करून बघा, मगच ड्रेनचा. भरायचा प्लग कधी कधी बाजूला, अवघड जागी असतो, गंजून बसलेला असतो. खालचं ऑइल घमेल्यात आणि वरचा प्लग हलायला तयार नाही, अशी गाडी मग टोइंग करूनच उद्यमनगरच्या गॅरेजला न्यावी लागते.

'कुठलंही लाल एटीएफ चालतं.' लाल हा नुसता रंग आहे. गळती झाली तर ती इंजिन ऑइलची की गिअरबॉक्सची हे जमिनीवरच्या डागावरून कळावं, म्हणून तो घालतात. जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगमध्येही बहुतेकदा एटीएफच असायचं, तेही लालच. रंगावरून आतलं काही कळत नाही. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचं स्पेसिफिकेशन, मर्कॉन फोर्डचं. टोयोटाचं तर स्वतःचंच टी-फोर आणि डब्ल्यूएस एकमेकांच्या जागी चालत नाही. डब्ल्यूएस पातळ आहे आणि गिअरबॉक्सचं प्रेशर, क्लच किती वेळात धरायचा याची सगळी गणितं त्यावर बेतलेली असतात. या ऑइलात घर्षण ठरवणारी रसायनं असतात. क्लच प्लेट घसरत घसरत धरणार की झटक्यात, हे त्यांच्यावर ठरतं. चुकीचं ऑइल घातलं तर गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणूनच 'मी घातलं, काही झालं नाही' अशा प्रतिक्रिया खाली दिसतात. नंतर कधीतरी साठ-सत्तरच्या वेगात, ॲक्सिलरेटर हलका असताना थरथर सुरू होते आणि माणूस चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर शब्दशः असेल तर दुसऱ्या चांगल्या कंपनीचं ऑइलही चालतं. कंपनीच्याच डब्याचा हट्ट नाही, स्पेसिफिकेशनचा आहे.

'निघालं तेवढं मोजून भरा, लेव्हल बघायची गरज नाही.' खरी गोम इथं आहे, कारण हे अर्धं बरोबर आहे. निघालेलं मोजून ठेवणं चांगलंच. पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: आधीची लेव्हल बरोबर होती, आणि निघालेलं नि भरलेलं एकाच तापमानाला मोजलं. सीलमधून वर्षभर थेंब थेंब गळत असेल, तर 'तेवढंच भरा' म्हणजे तोच तुटवडा पुन्हा भरणं. आणि तापमानाचं म्हणाल तर ऑइल गरम झालं की फुगतं. नव्वद अंशांवरचं चार लिटर काढलं आणि डब्यातलं पंचवीस अंशांचं चार लिटर घातलं, तर साधारण दीड-दोनशे मिली जास्त गेलं. दोनशे मिलीनं काय होतंय, असं वाटेल. लेव्हल वर गेली की फिरणारे भाग ऑइलात बुडून फेस करतात, आणि फेसात हवा असते, प्रेशर नसतं. लेव्हल कमी असेल तर घाटाच्या चढावर ऑइल मागं सरकतं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. दोन्हीकडून शेवट क्लच घसरण्यातच.

या गाड्यांना बहुतेकदा डिपस्टिक नसते. म्हणजे कंपनीनं सील केलंय असं नाही. लेव्हल बघायला वेगळा प्लग असतो आणि रीत ठरलेली असते. गाडी चारही बाजूंनी सपाट, इंजिन चालू, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबून परत पी (पार्क) मध्ये. मग ऑइलचं तापमान ठरलेल्या पट्ट्यात आलं की प्लग उघडायचा. अनेक गाड्यांत हा पट्टा ४० अंशांच्या अलीकडे-पलीकडे असतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. प्लग उघडल्यावर आधी धार येते, मग ती बारीक होत जाते, मग तुटते आणि थेंब पडू लागतात. धार तुटून थेंब सुरू झाला की प्लग लावायचा. काहीच आलं नाही तर वरून थोडं थोडं घालायचं, येईपर्यंत. इंजिन बंद ठेवून बघितलं तर वरचं ऑइल पॅनमध्ये उतरून आलेलं असतं, लेव्हल खोटी दिसते आणि चांगलं ऑइल वाहून जातं. ऑइल फार गरम असताना बघितलं तरी तेच होतं, आणि गार झाल्यावर कमी भरतं.

हे कोल्हापुरात करणाऱ्यानं ऋतू बघावा. एप्रिल-मेच्या दुपारी हवाच ३७-३८ अंशांना असते. अंगणात उभ्या गाडीचं ऑइल सुरुवातीलाच पट्ट्यात, आणि इंजिन चालू केल्यावर चार हात मारेपर्यंत पट्ट्याबाहेर. पहाटे करा. रात्रभर उभी गाडी, गार ऑइल, सावकाश तापतं, हाताशी वेळ राहतो. तापमान मोजायला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र) हवा, पण घेताना तो तुमच्या गाडीचं गिअरबॉक्सचं तापमान दाखवतो का हे विचारून घ्या. स्वस्तातले बरेचसे इंजिनचंच दाखवतात. पॅनवर इन्फ्रारेड गन मारली तर अंदाज येतो, नेमकेपणा नाही.

आणि खाली शिरताना नुसत्या जॅकवर गाडी नको, एवढं तरी पाळा. इथं इंजिन चालू असताना खाली झोपायचं असतं. पिकअपची उंची एवढी असते की सपाट फरशीवर सडपातळ माणूस जॅकशिवायही आत जातो. उचलायचीच तर चारही बाजूंनी घोड्यांवर (जॅक स्टँडवर). नुसतं पुढून उचललं तर जीव वाचेल, पण लेव्हल चुकेल. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, आणि बंद शेडमध्ये हे करू नका, सायलेन्सरचा धूर जीव घेतो.

'मॅग्नेटवर चुरा दिसला तर गिअरबॉक्स संपला.' शिरोली नि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, जिथं रोज लोखंड घासलं-कापलं जातं, हा मेसेज कुणी पुढं ढकलला असेल तर कमाल आहे. पॅन उघडल्यावर मॅग्नेटवर करडी, बोटांत चोळली तर कणही न लागणारी पेस्ट दिसते, सरफेस ग्राइंडरखाली साचलेल्या गाळासारखी. ती झिजेची नेहमीची खूण. मॅग्नेट त्याचसाठी तिथं ठेवलाय. पुसून परत लावायचा. काळजी करायची ती लेथखाली पडतात तसल्या चकचकीत चिपा दिसल्या तर, पिवळे कण दिसले तर (बुश गेला असण्याची शक्यता), किंवा पॅनच्या तळाला काळ्या गाळाचा जाड थर दिसला तर. तो काळा गाळ क्लचच्या अस्तराचा, त्याला मॅग्नेट धरत नाही. पॅन घरी उघडायचा असेल तर पॅकिंग येतं की सीलंट, ते आधी बघा. सीलंटची जाड वळी घातली की आतल्या बाजूला पिळून निघते आणि तुटलेला तुकडा आतल्या वाटांना लागतो. पॅनचे बोल्ट बारीक असतात, टॉर्क पान्यानंच आवळा.

'लाखावर गेलेल्या गाडीच्या ऑइलला हात लावू नका, जुनं ऑइलच गिअर धरून ठेवतं.' हे गॅरेजमध्येही ऐकू येतं आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. त्यानं ऑइल बदलल्यावर आठवड्यात गिअरबॉक्स गेलेल्या गाड्या खरंच बघितलेल्या असतात. पण त्या गाड्या ऑइल बदलायला आल्या कधी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. डी (ड्राइव्ह) मध्ये टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करते, गिअर बदलताना आरपीएम उगाच वर जातो, रिव्हर्स धडकन पडतो, हे सगळं सुरू झाल्यावरच मालकाला ऑइल आठवतं. तेव्हा क्लचचं अस्तर आधीच संपलेलं असतं, आणि दोष नव्या ऑइलाला मिळतो. प्रेशर मशीन लावून फ्लश केलं तर तळातला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत जाऊ शकतो, तेवढा धोका खरा. म्हणून जास्त चाललेल्या पण तक्रार नसलेल्या गाडीला मशीन नको, वर सांगितलं तसं थोडं थोडं, टप्प्यानं. तक्रार आधीच असेल तर आधी निदान, मग ऑइल.

रंगावरून घाबरायचंही कारण नाही. लाल ऑइल तपकिरी होणं वापराचाच भाग. जळका वास आला तर गोष्ट वेगळी. आणि ऑइल दुधी गुलाबी निघालं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय. ती गाडी सुरूही करू नका, ऑइल बदलून हे मिटत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, कुंपणाचे खांब. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. खांबाला फासलेलं पहिल्या वळवाच्या पावसात खाली उतरतं, रानात नाहीतर गटारात जातं. शहरातला ओघळ जयंती नाल्यातून पंचगंगेत पोहोचायला फार वेळ लागत नाही, आणि खालच्या अंगाला इचलकरंजीपर्यंत माणसं त्याच नदीवर आहेत. निघालेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक लिहा (लाल द्रव बघून पोरं सरबत समजतात), आणि ज्या गॅरेजचा जुन्या ऑइलचा बॅरल अधिकृत रिसायकलरकडे जातो तिथं द्या. बॅरल कुणाकडे जातो हे विचारायला लाजू नका, सेंट्रिंगच्या प्लेटांना फासायला नेणारेही त्याच दारात उभे असतात.