सेफ्टी रेझर, वीस मिनिटे आणि एक प्रतिक्रिया

महोदय,

सेफ्टी रेझरवरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. पुढे आभार मानण्याची संधी फारशी मिळेल असे दिसत नाही. पाच पात्यांचे कार्ट्रिज, म्हणजे दांड्यावर बसवायचे प्लास्टिकच्या चौकटीतले तयार डोके, सोडून मी एकाच पात्याचा धातूचा रेझर का घेतला आणि त्यानंतर माझ्या गळ्यावरचा जुना त्रास कसा थांबला, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यावर आपले म्हणणे थोडक्यात असे की, त्रास थांबला तो साबण, ब्रश आणि कोमट पाणी यांमुळे, रेझरमुळे नव्हे. माझे ऐकून नवशिके चेहरा कापून घेतील. पाती विमानात नेता येत नाहीत. ज्या जिलेटने वापरून फेकण्याचा धंदा रुजवला त्याच्याच उपकरणाला पर्यावरणस्नेही म्हणणे हास्यास्पद आहे. आणि पाते चार दाढ्यांत संपते, तर कार्ट्रिज महिनाभर पुरते. हे सारे साध्या, सभ्य शब्दांत लिहिता आले असते. आपण मात्र सुरुवातच अशी केलीत : ‘दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटे लावणे हा रिकामटेकडेपणा आहे, आणि त्यावर लेख लिहिणे हा त्याहून मोठा.’

या वाक्याचा समाचार आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांना जो चढा सूर लागला आहे तो इथूनच लागला आहे. माझ्या मतांना विरोध झाल्याचे मला वाईट वाटत नाही. परंतु ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, ज्याचा दिवस कसा जातो याची आपल्याला सुतराम कल्पना नाही, अशा माणसाच्या वेळेचा हिशेब परस्पर मांडायचा, त्याला रिकामटेकडा ठरवायचे आणि शेवटी ‘राग मानू नये’ असे शेपूट जोडायचे, ही कुठली रीत? राग मानायचा की नाही, हे ज्याला बोलले गेले आहे त्याने ठरवायचे असते.

आता त्या वीस मिनिटांकडे येतो. हा आकडा माझ्याच लेखात आहे. मात्र त्याच्या आधी असलेले ‘सुरुवातीच्या काळात’ हे दोन शब्द आपल्या नजरेतून निसटले, की सोयीसाठी गाळले गेले, हे मला सांगता येणार नाही. आज मला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ पाते चेहऱ्याला लागण्याआधीच संपलेला असतो. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. तो पाणी शोषतो तसा फुगतो, मऊ होतो आणि मग कमी जोराने कापला जातो. त्यासाठी दोन-तीन मिनिटे द्यावीच लागतात. केस ज्या द्रव्याचा बनलेला असतो त्या केराटिनचा हा गुण आहे, माझ्या स्वभावाचा नव्हे. रेझरला पाच पाती लावली म्हणून केस लवकर भिजत नाहीत. आपली दाढी दोन मिनिटांत होते, याचा अर्थ आपण ती कोरड्या खुंटांवरून ओढता इतकाच निघतो, आणि त्याचा अभिमान बाळगावा असे त्यात काय आहे, हे मला कळलेले नाही.

उरलेला वेळ कोनासाठी जातो. कार्ट्रिजचे डोके हलते असते. गालाच्या चढउताराप्रमाणे ते आपोआप वळते आणि पात्यांचा कोन आपल्या वतीने सांभाळते. सेफ्टी रेझरचे डोके पक्के असते, त्यामुळे कोन मनगटाने सांभाळावा लागतो. डोक्याची टोपी गालाला सपाट टेकवायची, म्हणजे दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर येतो. मग दांडा सावकाश खाली आणायचा. एका टप्प्यावर धार केसाला लागते आणि बारीक, कोरडा ‘खर्र’ असा आवाज येऊ लागतो. तेव्हा पाते त्वचेशी साधारण तीस अंशांत असते. दांडा त्याहून खाली गेला की पाते कापण्याऐवजी खरवडू लागते, आणि हे कानाला कळण्याआधी त्वचेला कळते. दाब मुळीच द्यायचा नसतो. धातूचा रेझर साठ-सत्तर ग्रॅमपासून शंभरच्या पुढेपर्यंत भरतो आणि तेवढे वजन कामाला पुरते. कार्ट्रिजवर दाबून दाबून घडलेला हात ही सवय लवकर सोडत नाही. माझ्या मते सगळी शिकवणी या एका गोष्टीची आहे, आणि ती ज्याने घेतली नाही त्याला बाहेरून हा वेळखाऊपणा दिसणारच.

गळ्याचे तर विचारूच नका. गालावर केस बहुधा खालच्या दिशेने वाढतात. गळ्यावर तसा काही नियम नसतो. माझ्या कंठाच्या उजवीकडे ते खाली येतात, डावीकडे जवळजवळ आडवे कानाकडे जातात आणि जबड्याच्या हाडाखाली एक भोवरा आहे, जिथे बोटभर जागेत दिशा तीनदा बदलते. दोन दिवसांचे खुंट वाढू देऊन बोटाच्या टोकाने चाचपल्याशिवाय हे समजत नाही. कार्ट्रिज वापरत होतो तोवर मला याचा पत्ताही नव्हता, कारण खालून वर दाबून ओढले की काम झाले असे वाटे.

आणि हे मी हौसेपोटी शिकलो, असे आपल्याला वाटते! मला मिसरूड फुटले तेव्हा घरात दोन पात्यांचा रेझर होता; मग तीन पात्यांचा आला, मग पाचांचा. दर वेळी मी जाहिरातीतल्यासारख्या गुळगुळीत दाढीची वाट पाहिली आणि दर वेळी कॉलरखालचे पुरळ वाढत गेले. नोकरीच्या मुलाखतीला जाताना शर्टाचे वरचे बटण लावायला मी घाबरत असे, कारण पांढऱ्या कॉलरच्या आतल्या कडेवर रक्ताचे ठिपके उमटत. आत वळलेले केस आरशासमोर सुईच्या टोकाने सोडवत बसणे हा माझा कित्येक वर्षांचा रविवारचा उद्योग होता. तेव्हा मी खरोखरच रिकामटेकडा दिसलो असतो. ज्याने हे सोसले आहे त्याला आपण दोन मिनिटांचे गणित शिकवता, यावर काय बोलावे?

यामागचे कारण मी लेखात दिले होते. आपण ते ‘ऐकीव’ म्हणून उडवून लावलेत, म्हणून पुन्हा देतो. एकामागे एक दोन पाती बसवलेला ट्रॅक टू हा रेझर जिलेट कंपनीने १९७१ साली बाजारात आणला. त्यामागची कल्पना अशी की, पहिले पाते केस कापता कापता त्याला किंचित बाहेर ओढते आणि तो मागे सरकण्याच्या आत दुसरे पाते त्याला आणखी खाली कापते. १९९८ साली पाती तीन झाली आणि २००६ साली पाच. केस सरळ असला तर याने गाल खरोखरच तुळतुळीत होतो, हे मी नाकारलेले नाही. केस कुरळा असला आणि त्याचे कापलेले टोक त्वचेच्या पातळीखाली राहिले, तर मात्र वाढताना ते वळून शेजारच्या त्वचेतच घुसते, आणि शरीर त्याला काट्यासारखे परके मानून तिथे सूज आणते. वैद्यकात या विकाराला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी असे नाव आहे, तेव्हा तो मी लेख लिहिण्यासाठी रचलेला नाही. आपले केस सरळ असतील, आपले अभिनंदन.

‘हेच पाणी, हाच साबण, हाच ब्रश घेऊन केसांच्या दिशेने, न दाबता कार्ट्रिज फिरवले असते तर तोच गुण आला नसता का?’ असे आपण विचारता. प्रयोगशाळेत हा प्रश्न शोभून दिसेल. मला गळा एकच आहे. त्याची उजवी बाजू एका रेझरने आणि डावी दुसऱ्याने भादरून नोंदवही ठेवण्याची मला हौस नाही, आणि तसे केले असते तर त्यालाही आपण रिकामटेकडेपणाच म्हटले असते. जे मी इतकी वर्षे भोगले ते थांबले. मला एवढा पुरावा पुरतो. आपल्याला पुरत नसेल तर माझा नाइलाज आहे.

एक मुद्दा मात्र मोकळ्या मनाने मान्य करतो. सुटी पाती विमानात हातातल्या सामानात नेता येत नाहीत, कार्ट्रिज नेता येते; ज्याला सामान सोपवायचे नसते त्याने पाती मुक्कामी पोहोचून घ्यावीत किंवा प्रवासापुरता दुसरा रेझर ठेवावा. लेखात याचा उल्लेख नव्हता, तो आता जोडला आहे. मला टीका सोसत नाही असा जो आपला ग्रह झालेला दिसतो, तो यावरून दूर व्हायला हरकत नाही.

वापरून फेकण्याच्या धंद्याचे म्हणाल, तर तो इतिहास मलाही ठाऊक आहे. किंग कॅम्प जिलेटने १९०१ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०४ साली ते त्याला मिळाले. बोथट झाले की टाकून द्यायचे पातळ, स्वस्त पाते ही त्याची मूळ कल्पनाच होती. इतक्या पातळ पोलादाला धार धरेल असे कडक करणे त्याला साधत नव्हते, ते विल्यम निकरसन या अभियंत्याने साधले. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांच्या पुढे गेला. मात्र रेझर जवळजवळ फुकट वाटून पात्यांवर कमवायचे, ही युक्ती त्याने पहिल्या दिवसापासून चालवली असे जे आपण ठणकावून लिहिले आहे, ते बरोबर नाही. १९२१ साली पेटंटची मुदत संपेपर्यंत त्याचा रेझर चांगलाच महाग होता. दुसऱ्याला ऐकीव म्हणण्याआधी आपले तपासून घ्यावे, इतकेच सुचवतो. आणि मूळ प्रश्न जिलेटच्या हेतूचा नसून कचऱ्यात काय पडते याचा आहे. माझ्याकडून पडते ते सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे पोलादाचे पान. कार्ट्रिजमध्ये पाती, प्लास्टिकची चौकट, रबर आणि निसरडी पट्टी अशा काही एकमेकांत अडकवलेल्या असतात की ती सुटी करायला कोणी बसत नाही.

पाते चार दाढ्यांत संपते, हेही खरेच आहे. कधी पाच-सहा होतात. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पटींनी कठीण असूनही धार का जाते, हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले आहे : केस वाकून धारेला तिरका भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची सूक्ष्म घडण एकसारखी नसली, तर धारेचा बारीक कपचा उडतो. ते पाते दांड्यावर एकटे बसले आहे की चार भावंडांसह, याने त्यात फरक पडत नाही. कार्ट्रिज महिनाभर पुरते असे आपण म्हणता, तेव्हा ते महिनाभर धारदार राहते असे नसून नवे लावणे जिवावर येते म्हणून ते पुरवले जाते. आम्हीही तेच केले आहे.

राहता राहिले रक्तबंबाळ होणारे नवशिके. त्यांची काळजी मला आपल्याइतकीच आहे, फक्त मी त्यांना घाबरवून परत पाठवत नाही. सर्व रेझर एकसारखे नसतात. धार डोक्याबाहेर किती डोकावते आणि धार व खालची पट्टी यांच्यात फट किती, यावरून रेझर मवाळ की जहाल ते ठरते, आणि पहिला रेझर मवाळच घ्यावा. पहिले काही दिवस केवळ गाल करावेत, तेही केसांच्या दिशेनेच, एकदाच फिरवून. हनुवटी आणि गळा हात बसल्यावर. उलटी दाढी करण्याची घाई तर मुळीच करू नये, आणि ज्यांचे केस आत वळतात त्यांनी ती कधीच केली नाही तरी बिघडत नाही. ओरखडा आलाच तर तुरटीचा खडा ओला करून फिरवावा. चरचरते, पण रक्त थांबते. पाते नुसते पाण्याखाली धुवावे, टॉवेलने पुसू नये. त्याने धारही जाते आणि टॉवेलही. वापरलेली पाती उघड्या कचऱ्यात न टाकता, झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवावीत. नवे पाते बसवताना त्याच्या आखूड, बिनधारेच्या कडा दोन बोटांत धराव्यात, लांब कडांना हात लावू नये. आपणही, माझी चूक काढण्यासाठी का होईना, कधी ते हातात घेतलेत, तर तसेच धरावे.