हिरोशिगेने तोकाइदो 'जसाच्या तसा' काढला?

एकोणिसाव्या शतकातला जपानी चित्रकार हिरोशिगे आणि एदो (आजचे तोक्यो) ते क्योतो या तोकाइदो मार्गावरची त्याची लाकडी ठशांनी छापलेली चित्रमालिका यांबद्दल सध्या फिरणारा मजकूर असा : '१८३२ साली शोगुनचे (जपानच्या लष्करी शासकाचे) घोडे क्योतोला नेणाऱ्या लवाजम्याबरोबर हिरोशिगे तोकाइदो मार्गाने गेला. वाटेत दिसले ते जसेच्या तसे रेखाटले, स्वतः ठसे कोरून ५३ चित्रे छापली. त्या काळची छायाचित्रेच ही!'

आधी आकडा. मुक्काम ५३, एदोचा निहोनबाशी पूल आणि क्योतो धरून चित्रे ५५.

'लवाजम्याबरोबर गेला.' या प्रवासाचा समकालीन पुरावा नाही. गोष्ट खरी मानली तर पंचाईत उलट वाढते. शोगुनने सम्राटाला घोडे अर्पण करण्याचा दिवस आठव्या चांद्र महिन्याचा पहिला, म्हणजे उन्हाळ्याची अखेर. मग कानबाराच्या चित्रातला जाड बर्फ कुठून आला? हे गाव सुरुगा उपसागराच्या उबदार किनाऱ्यावर आहे. तिथे एरवीही असा बर्फ क्वचितच.

'दिसले ते जसेच्या तसे.' तोत्सुकाच्या चित्राच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवा. चहाच्या दुकानासमोर एकीत प्रवासी घोड्यावरून उतरतोय, दुसरीत चढतोय. इशिबेचे चित्र तर १७९७ च्या सचित्र प्रवासग्रंथातल्या मेगावा गावच्या चित्रावर बेतलेले आहे.

'स्वतः कोरून छापली.' चित्रकार पातळ कागदावर शाईने रेषा काढून देई. तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून कोरणारे कारागीर रेषा कोरत. मूळ चित्र त्यातच संपे. मग रंगागणिक वेगळी फळी. कागद नेमका बसावा म्हणून प्रत्येक फळीवर दोन खाचा. कागद जरा सरकला की रंग रेषेबाहेर. आकाशातली छटा मुद्रक ओल्या फळीवर रंग विरवत नेऊन आणी, तीही प्रत्येक कागदासाठी नव्याने. म्हणून कानबाराचे आकाश काही प्रतींत वरून काळे, काहींत डोंगरालगत. एकच प्रत पाहून 'चित्रकाराचा हेतू' सांगणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

कारागिरांची नावे हवीत तर गोयुचे चित्र बघा. सराईतल्या पाट्यांवर कोरणारा जिरोबेइ आणि छापणारा हेइबेइ. गोल फलकावर प्रकाशक ताकेनोउची. चक्क जाहिरात! गंमत म्हणजे प्रसंग मात्र पटणारा आहे. गोयुपासून पुढचा मुक्काम आकासाका अवघा १६ चो, म्हणजे पावणेदोन किलोमीटर. गिऱ्हाईक सहज पुढे निसटणार. म्हणून तर सराईच्या बायका प्रवाशाला गळ्यातल्या बोचक्याला धरून ओढताहेत, आणि आत बसलेल्याचे पाय धुवायला पाणी येऊन पोचलेही आहे.