सव्वा तास का लागला: एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, मिसेसने दाखवला. गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी तुमचा खोळंबा झाला आणि आईंना बाहेर खुर्चीत बसून राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. तुम्ही लिहिलंय की बाळाची सीट बसवायला सव्वा तास लावला, 400 रुपये घेतले, वर आम्हालाच शिकवत बसले आणि चिपळूणला पोचेपर्यंत सीट लूज, "यांना काम येत नाही". 400 चं मी काही बोलत नाही, रेट काउंटरवर लिहिलेला आहे आणि सीट तुम्ही ऑनलाइन घेतलेली होती तरी आम्ही त्याचे जास्त लावले नाहीत. पण सव्वा तास, आणि काम येत नाही, हे वाचून मला खरंच झोप लागली नाही. सिंहगड रोडला 19 वर्षं दुकान आहे, आधी सीट कव्हर आणि आता लहान मुलांच्या सीटपण, दोन पोरं कामाला आहेत आणि हल्ली नवीन माणूस स्टार बघूनच येतो. काल एकाने फोनवर सरळ विचारलं की तुमच्याकडे सीट ढिल्या बसवतात का हो.

म्हणून तो सव्वा तास कुठे गेला ते सांगतो. तुम्ही शनिवारी 7:50 ला आलात, दुकान 8:30 ला बंद होतं, तरी आम्ही नाही म्हटलं नाही. पुढे एक गाडी होती, त्यात 20 मिनिटं गेली, ती आमच्यामुळे गेली हे मान्य.

मग तुम्हाला सीट मागे मधोमध हवी होती म्हणजे एका बाजूला आई आणि एका बाजूला वहिनी. कोणालाही तसंच वाटेल, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण तुमच्या गाडीला मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा आहे आणि सीटच्या स्टिकरवर खांदा आणि कमर दोन्हीचा, म्हणजे तीन पॉइंटचा बेल्ट दाखवलाय. आमच्या पोराने हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात आधी लावून तर बघ. लावली, हलली, काढली. गाडी 2015 ची, बाळाची सीट थेट गाडीला अडकवायचे हुक, ज्याला आयसोफिक्स म्हणतात, ते नाहीत, त्यामुळे जे काय करायचं ते बेल्टवरच, म्हणून मग डाव्या बाजूला घेतली. त्यात 15 मिनिटं गेली.

त्यानंतर सीटमध्ये बाळाचं तोंड पुढे करायचं की मागे यावरून बोलणं झालं. बाळ नऊ महिन्यांचं, वजन साडेआठ किलो असं वहिनींनीच सांगितलं. तुमच्या सीटवरच लिहिलंय की तोंड पुढे करायला कमीत कमी 9 किलो पाहिजे, आणि पाहिजे म्हणजे 9 झालं की लगेच फिरवा असंही नाही, जितके दिवस मागे तोंड ठेवता येईल तितकं बाळाच्या मानेला चांगलं, कारण ब्रेक लागला की डोकं पुढे फेकलं जात नाही, पाठ आणि डोकं दोन्ही सीटमध्ये दाबलं जातं. आई म्हणाल्या मांडीवर घेऊन बसते की, आम्ही नाही का मुलं वाढवली. तेव्हा मी म्हटलं की आई, झटका बसला तर धडधाकट माणसालाही बाळ हातात धरून ठेवता येत नाही. यालाच तुम्ही शिकवत बसले असं लिहिलंय. माझा आवाज मोठा आहे, घरीपण सगळे सांगतात, आईंना लागलं असेल तर त्यांची माफी मागतो. पण बोललो ते परत बोलेन. मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर 2019 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 194बी खाली 1000 रुपये दंड आहे म्हणून नाही म्हणालो मी ते, माझी नात अकरा महिन्यांची आहे.

राहिली वीसेक मिनिटं, त्यात खरं काम. मागे तोंड असताना कमरेचा पट्टा दोन्ही बाजूच्या निळ्या खुणांमधून जातो आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवून तिथल्या निळ्या हुकात बसतो. पट्ट्याला कुठे पीळ नको. पहिल्यांदा लावली तेव्हा बकल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर टेकत होतं, तसं ठेवलं तर पट्टा ताणला जात नाही आणि जोर आला तर बकलवर येतो, म्हणून काढून थोडी सरकवून परत लावली. पोराने हातांनी सगळा भार टाकून सीट दाबून धरली आणि मी पट्टा ओढत गेलो, घाम आला होता दोघांना, तुम्ही बघत होतात. मग सीटचा कोन बघितला, फार उभी झाली तर झोपलेल्या बाळाची मान पुढे पडते. शेवटची दहा मिनिटं वहिनींना दाखवण्यात गेली, की बाळाच्या खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो ढिला आहे, अजून ओढायचा. नऊ वाजून पाच मिनिटांनी तुम्ही निघालात. पोरांची शेवटची बस चुकली, मी त्यांना सोडून आलो, ते काही कोणी लिहीत नाही.

आता लूज झाली त्याचं. एक तर मागे तोंड केलेली सीट वरच्या कडेला धरून हलवली तर थोडी हलतेच, सगळ्यांची हलते. बघायचं असतं पट्टा जिथून जातो तिथे धरून, तिथे इंचापेक्षा जास्त हलता कामा नये, आणि तुमच्यासमोर तसं करून दाखवलं होतं. दुसरं म्हणजे तुम्ही रिव्ह्यूला जो फोटो टाकलाय तो मी मोठा करून बघितला. त्यात खांद्याचा पट्टा पाठीमागून गेलेलाच नाही, पुढून लाल खुणेत अडकवलाय. लाल खूण तोंड पुढे असताना वापरायची. आम्ही असा लावला नव्हता सर. म्हणजे वाटेत सामान ठेवायला किंवा काय कारणाने सीट काढून परत बसवली गेली, होतं असं प्रवासात, मी दोष देत नाही, पण मग काम येत नाही म्हणून आमच्या नावावर कशाला.

आमचंही थोडं चुकलं. सणाच्या गर्दीत उशिरा आलेलं काम घ्यायला नको होतं किंवा वेळ किती लागेल ते आधी सांगायला हवं होतं. आता तशी पाटी लावतो, बसायचीपण काहीतरी सोय करतो, अजून एक माणूस बघतोय.

स्टारचं तुमच्या मनावर. पण फोटोत आहे तशा सीटमध्ये बाळाला घेऊन कुंभार्ली घाट परत चढू नका एवढी हात जोडून विनंती. निघायच्या आधी दुकानाच्या नंबरवर व्हिडिओ कॉल करा, मी पट्टा कुठून कुठे घ्यायचा ते सांगतो, रात्री अकरापर्यंत चालेल. आणि पुण्यात आलात की गाडी घेऊन या, परत बसवून देतो, पैसे नाहीत. फक्त शनिवार संध्याकाळ सोडून या, आणि सीटसोबत आलेलं पुस्तक सापडलं तर घेऊन या.