सासूबाईंची कंबर ४२

आधी एक गोष्ट क्लिअर करते. माझ्या सासूबाई ठणठणीत आहेत. वय ८३, स्वतःचे दात ९, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून खळं झाडतात आणि त्यांना कुठेही सूज वगैरे आलेली नाही. हे एवढ्यासाठी सांगतेय की गेल्या बुधवारपासून आमच्याकडे शहाळी येतायत.

चूक माझी. म्हणजे, पूर्ण माझी नाही, पण सुरुवात माझी.

मला गळतं. आमच्या मांगराच्या कौलांसारखं, रोज नाही, पण जोराची सर आली की हमखास. शिंक आली, मिरचीच्या फोडणीने ठसका लागला, भरलेली कळशी उचलली, कुणी विनोद केला, की झालं. दशावताराला मी आता मागच्या रांगेत बसते, कारण सगळ्यांना हसवणारा संकासुर आला की मला उठावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा स्ट्रेस टाइप. मी म्हटलं मला कसला स्ट्रेस, मुलगी पुण्याला नोकरीला लागली, कर्ज फिटलं. तर म्हणाल्या तो स्ट्रेस नाही हो, पोटात दाब वाढतो आणि खालचे स्नायू सैल पडलेत म्हणून लघवी निसटते, दोन बाळंतपणं आणि वय ५६. मग व्यायाम सांगितला. चारचौघात वारा सरायला आला की आपण जे आवळून धरतो ते आवळायचं, मोजून धरायचं, सोडायचं, असं १० वेळा, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने नेटाने. केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली हे लिहून ठेवलंय म्हणे. १९४८! माझ्या सासूबाई तेव्हा शाळेतही गेल्या नसतील. आणि मला बाळंतपणात शेक मिळाला, शेगडी मिळाली, आळीव, डिंक, मेथी सगळं मिळालं, पण जे आवळायचं ते आवळ बाये, असं एकीनेही सांगितलं नाही. असो.

तीन महिने व्हायला अजून दोन बाकी आणि रविवारी पुतण्याचं लग्न. वऱ्हाडाची बस, कुडाळ ते संगमेश्वर. आमच्या सिंधुदुर्गात हायवे बरा आहे, बस लोण्यासारखी जाते, पण पुढे रत्नागिरी जिल्ह्यात काय वाढून ठेवलंय ते तिथून जाणाऱ्यालाच विचारा. २०११ साली सुरू झालेलं काम आहे, माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. एकेका डायव्हर्जनला बस अशी आदळते की केगेलसाहेबांनासुद्धा धरवणार नाही. आणि गाडी थांबवा म्हणायची सोय नाही. पुरुष काय, उतरले की जिथे उतरले तिथे. आम्ही बायका करवंदीच्या जाळीमागे, साडी सावरत, एकीने पहारा द्यायचा. मेमध्ये त्या जाळीत करवंदं काढणारी पोरंही असतात हे वेगळंच.

म्हणून बुधवारी कुडाळला गेले. आमच्या इथल्या मेडिकलमध्ये जायची हिंमत नव्हती, तो पोरगा माझ्या मुलीच्या वर्गातला. कुडाळात ओळखीचं दुकान टाळून, नीट आतल्या गल्लीतलं एक निवडलं. गिऱ्हाईक कुणी नाही बघून आत शिरले आणि हळू आवाजात म्हटलं, अॅडल्ट डायपर आहेत का.

"पेशंट कोण?" काउंटरवरचा विचारतो.

आता हा प्रश्न बरोबर आहे हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मला वाटलं हा चौकशी करतोय, आणि तोंडातून निघून गेलं, "सासूबाई."

"अगो बाये माझे!"

मागून आवाज. वरच्या वाडीतली काकी. बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेली. ही बाई आपल्या गावात कधी दिसत नाही, पण तुम्ही जिथे जाल तिथे तुमच्याआधी उभी असते.

"पडली काय गो म्हातारी? कधी पडली? परवा तर रातांबे फोडताना बघलंय मी तेका!"

मी म्हटलं पडल्या नाहीत, जरा आपलं असंच. काउंटरवरचा म्हणाला, "चालतात की झोपून असतात?" मी म्हटलं चालतात, चांगल्या चालतात. काकी म्हणाली, "मगे ह्या कशाक?" तो म्हणाला, झोपून असतील तर टेपवाला घ्या, दोन्ही बाजूंनी चिकटवायचा, कूस बदलून बदलता येतो. चालत्या माणसाला पँटवाला, चड्डीसारखा वर ओढायचा. मी म्हटलं पँटवाला. काकी म्हणाली, "टेपवालोच घे, उद्या पडली तर?"

"कंबर किती?" तो.

इथे माझं डोकं चालायचं थांबलं. कारण खरं माप लागणार मला. आणि मी घरून टेप लावून मोजून गेले होते, शहाण्यासारखी. म्हटलं, "४२."

दुकानात शांतता. फ्रीजचा आवाज ऐकू येत होता.

"बेचाळीस?" काकी म्हणाली. "तुझ्या सासवेची? गो, ती म्हातारी शेवग्याची शेंग! तिची कंबर बेचाळीस झाली तर ती म्हातारी नाय, फणस झाली."

आणि मी, शिकलेली बाई, बारा वर्षं बालवाडीत मुलांना खरं बोलावं शिकवलेली, म्हटलं, "सूज आलीय."

मला अजून कळत नाही मी असं का म्हटलं. काकीने दोन्ही हात गालांवर ठेवले. काउंटरवरचासुद्धा गंभीर झाला, म्हणाला मॅडम, पायावर पण आहे का, किडनीचं बघून घ्या. मी म्हटलं हो हो बघतोय. काकीने विचारलं लघवी होते काय? मी म्हटलं तोच तर प्रॉब्लेम आहे. म्हणजे निदान एक वाक्य तरी मी खरं बोलले.

मग त्याने पुडकं वर्तमानपत्रात बांधायला घेतलं. ते उशीएवढं. एका पेपरात मावेना, दोन जोडले, तर पेपराच्या फटीतून पाकिटावरची हसणारी म्हातारी बरोबर डोळ्यांपर्यंत बाहेर. काळी पिशवी होती ती नॅपकिनच्या मापाची, डोकंही जाईना. शेवटी काकीने आपल्या पिशवीतली सुकी सुंगटं बाजूला करून म्हटलं, हय ठेव. मी नको म्हटलं. रिक्षात मांडीवर घेऊन आले, रिक्षावाला विचारतो, काय कापूस?

आता जरा गंभीर बोलते, कारण या भानगडीत मी दीड वर्ष पैसे आणि कातडी दोन्ही घालवलीत. आधी पाळीचे नॅपकिन वापरले. ते त्या कामाचे नाहीत. पाळीचा स्राव हळूहळू येतो, लघवी एकदम येते, नॅपकिन ती ओढून घेईपर्यंत मांडीवरून खाली. मग एकावर एक दोन लावले, तर वरच्याच्या पाठीला प्लास्टिक, खालच्यापर्यंत थेंब जात नाही, नुसतं जाड होऊन चालताना बदकासारखं. मग जुन्या सुती साडीच्या घड्या. उन्हाळ्यात ठीक, पण जुलैत कोकणात कपडे वाळतात का कुठे? दमट घडीने मांड्या सोलल्या. मग सगळ्यात हुशारी म्हणजे पाणीच पिणं बंद केलं. त्याने लघवी कडक होते, लघवीच्या पिशवीला उलट जास्त टोचते, जळजळ, आणि वर इन्फेक्शन. डॉक्टरीणबाई ज्या ओरडल्या! चहा कमी करा म्हणाल्या, पाणी नाही. एरवीच्या चार थेंबांना लघवीसाठी वेगळे पातळ पॅड मिळतात, आत दाणे असतात, त्यांचा जेल होऊन ओल धरून ठेवतात. पँटवाला मोठा डायपर लांबच्या प्रवासाला. मापाचाच घ्यायचा, कपड्यांचा साइज बघून नाही, कंबर आणि सीट मोजून, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, पाकिटावरचे आकडे वाचायचे. मोठा घेतला तर मांडीपाशी फट राहून तिथूनच गळतो.

आणि टाकायचा कुठे, हे मला कुणीतरी सांगा. शहरात घंटागाडी आहे. आमच्या वाडीत कुत्री आहेत. परसात पुरलेलं शेजारच्या खंड्याने उकरून काढून खळ्यात आणून ठेवलं, तुळशीसमोर. जाळायचा तर प्लास्टिक. एसटी स्टँडच्या लेडीज टॉयलेटमध्ये डबा नाही, खुंटीही नाही, पर्स दातात धरायची. सॅनिटरी नॅपकिनवरचा टॅक्स २०१८ ला काढला, चांगलं केलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. पण पाळी जाऊन हे सुरू झालेल्या बाईकडून मात्र डायपरला टॅक्स घेतात, म्हणजे आम्ही काय हौसेने घालतो का.

तर, शहाळी. बुधवारी संध्याकाळपर्यंत पहिली तीन आली. पाठोपाठ दोन ग्लुकोज बिस्किटांचे पुडे, एक पेजेचा डबा, आणि एकजण विचारून गेला की देवळात गाऱ्हाणं घालायचं काय. सासूबाई पडवीत कोकमाचे रातांबे फोडत बसलेल्या, कोपरापर्यंत हात लाल. पहिली जी बाई आली तिने ते हात बघितले आणि अंगणातच रडायला लागली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शहाळी प्यायल्या. बिस्किटं डब्यात ठेवून डब्याला झाकण लावलं. मग रात्री मला बोलावून विचारलं, "माका कितकी सूज इली गो?"

सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मी पुडकं सोडलं, रविवारसाठी एक वेगळा काढून ठेवावा म्हणून, तर पाकिटावर साइज एम. त्या मेडिकलवाल्याने माझ्या ४२ वर विश्वासच ठेवला नव्हता. त्याने काकीच्या शेवग्याच्या शेंगेवर ठेवला.

पाकीट फोडलं नव्हतं एवढंच नशीब. पण बदलायला परत त्या दुकानात जायचं म्हणजे... मी म्हटलं राहू दे, वऱ्हाडात जातच नाही.

"माझ्या नावान घेतलंस मा?" सासूबाई म्हणाल्या. "मगे मीच बदलून आणतंय."

गुरुवारी सकाळी नऊवारी नेसून, पुडकं काखेत, रिक्षाने कुडाळला गेल्या. अकराला परत. एक्सएलचं पुडकं, वर ३० रुपये जादा दिले त्याची पावती, सगळं व्यवस्थित. मी विचारलं, काय म्हणाला तो? म्हणाल्या, काय म्हणतलो, माका बघून खुर्ची दिल्यान. विचारल्यान सूज उतरली काय. मी सांगितलंय, माका नाय रे बाबा, माझ्या सुनेक होया, तिची कंबर बेचाळीस.

"दुकानात अजून कोण होतं?"

"कोण नाय," सासूबाई म्हणाल्या. "काकी होती."

आज सकाळी परत शहाळं आलंय. यावेळी माझ्यासाठी.