हलव्याचे दागिने भेट देताना कृतीही द्यावी

मार्गशीर्ष संपत आला की हलव्याचे दागिने हौसेने करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरात पुठ्ठे, जरीचा दोरा, सोनेरी कागद आणि हलव्याचे डबे बाहेर निघतात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी तन्मणी, बाजूबंद आणि कंबरपट्टा, जावयासाठी हार आणि हलव्याने मढवलेला नारळ, बाळाच्या बोरन्हाणासाठी मुकुट आणि बासरी असे एकेक काम हातावेगळे होऊ लागते. यातले बरेचसे विकण्यासाठी नसते. ते भाचीसाठी, शेजारच्या सुनेसाठी, मैत्रिणीच्या नातवासाठी केलेले असते, आणि करणारी व्यक्ती ते मोठ्या आनंदाने आपल्यासारख्याच हौशी मंडळींना दाखवते. मात्र हलवा घरचा आहे का, काटा कसा आला, दाणे कशाने बसवले, असे विचारले की अनेकदा बोलणे दुसरीकडे वळवले जाते. मला हे मनापासून अयोग्य वाटते. आपण हे काम छंद म्हणून करत असू, तर वस्तू दाखवताना तिची कृतीही सांगितली पाहिजे, आणि ती अर्धवट सांगू नये.

याचे कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. काटेरी हलवा वाचून किंवा नुसता पाहून येत नाही. साखरेत ती जेमतेम बुडेल इतके पाणी घालून पाक करायचा, उकळी आल्यावर चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढायची आणि पाक गाळून घ्यायचा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. खरे काम परातीत होते. खसखस किंवा तीळ परातीत घेऊन खाली इतकी मंद आच ठेवावी लागते की बोटे न भाजता दाण्यांमधून सतत फिरवता यावीत. मग चमचा-चमचा पाक सोडायचा आणि तो वाळून दाणे पुन्हा सुटे होईपर्यंत पुढचा चमचा घालायचा नाही. पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. आच वाढली तर चढलेली साखर सुटून परातीत तिचा भुगा पडतो. थर हळूहळू चढतात, त्यामुळे हे काम एका बैठकीत न आटोपता काही दिवस रोज थोडे-थोडे करावे लागते. दाण्यावर काटा धरतो तो पाकातले पाणी पटकन उडून साखरेचे बारीक स्फटिक वर येतात तेव्हा, आणि म्हणूनच जुन्या बायका पहाटेच्या कोरड्या थंडीत परात मांडत असत. ‘आच मंद ठेवा’ एवढेच सांगितले तर नवशिक्या व्यक्तीला काहीच कळत नाही. ‘परातीच्या कडेला हात लावून पाहा, तो सहज टिकला पाहिजे’ असे सांगितले की कळते. इतक्या बारकाईने सांगणारे कोणी भेटले नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती बाजारातला तयार हलवा आणि पुठ्ठा एवढेच उरेल.

दागिना कशाने बांधला आहे, हे सांगणेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. हलव्याचा दाणा टणक आणि ठिसूळ असल्यामुळे तो मण्यासारखा सुईने ओवता येत नाही. तो दोऱ्याच्या फासात धरून, गाठ मारून, एकामागे एक बांधावा लागतो, आणि गाठ फार आवळली तर काटे झडतात. या कामात वेळ जातो, म्हणून आता बहुतेक ठिकाणी दाणे गरम गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवले जातात. तसे करण्याला माझा विरोध नाही, कारण कंबरपट्ट्यासारखा रुंद दागिना नुसत्या दोऱ्यावर उभा करणे अवघड असते. परंतु भेट देताना हे स्पष्ट सांगायलाच हवे. आमच्याकडे दागिने उतरवल्यावर त्यांतला हलवा मुलांना खायला देण्याची पद्धत होती, आणि अनेक घरांत ती आजही आहे. गोंदाने चिकटवलेला किंवा प्लॅस्टिकचे मणी मिसळलेला दागिना अशा घरात काही न सांगता देणे धोक्याचे आहे. बोरन्हाणाचे बाळ तर हाताला येईल ते तोंडात घालते, त्यामुळे त्याच्या दागिन्यात सुटणारा एकही मणी नसावा आणि कडक हलवाही त्याच्या तोंडापर्यंत पोचू नये. मी प्रत्येक भेटीसोबत लहानशी चिठ्ठी ठेवते. हलवा कशावर चढवला आहे, रंग कोणता घातला आहे, दागिना दोऱ्यात बांधला आहे की चिकटवला आहे, आणि तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलाव्यापासून व मुंग्यांपासून दूर ठेवावा, एवढे तीत लिहिलेले असते.

पुणे, मुंबई आणि इतर शहरांत अनेक स्त्रिया मागणीनुसार हे दागिने करून देतात आणि या हंगामाच्या मिळकतीवर त्यांच्या घरचे कितीतरी खर्च भागतात. त्यांचे नमुने उतरवून घेणे, त्यांच्याकडे कृती फुकट मागणे किंवा ‘एवढ्याशा साखरेला एवढे पैसे?’ असे म्हणत घासाघीस करणे मला लज्जास्पद वाटते. मोकळेपणाने कृती देण्याची अपेक्षा मी केवळ हौशी मंडळींकडून करते आहे. एखादा नमुना दुसऱ्या कोणाचा पाहून केला असेल, तर तो दाखवताना त्या व्यक्तीचा उल्लेख करणे हेही आपलेच काम आहे. माझी बांधणी माझ्या मामींची आहे आणि मी ती शिकवताना दरवेळी तसे सांगते.

हौशी मंडळींनी हळदीकुंकवाला एकमेकींना तयार वाण देण्याऐवजी पुडीभर घरचा हलवा आणि त्याच्या प्रमाणाची चिठ्ठी द्यावी, असे मला फार वाटते. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते, त्यामुळे संक्रांतीनंतरही त्यासाठी भरपूर दिवस मिळतात. माझे प्रमाण मी या पोस्टखाली लिहिते आहे. कोकणात आणि मुंबईत राहून ज्यांच्या हलव्याला चांगला काटा येतो, त्यांनी दमट हवेत पाक किती दाट ठेवता आणि परात कोणत्या वेळी मांडता, हे कृपया सविस्तर लिहावे, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींना यंदा पहिल्यांदाच हलवा घरी करायचा आहे आणि माझे कोरड्या हवेतले प्रमाण त्यांच्या फारसे उपयोगाचे नाही.