टिक ऐकू आली का?

कुकरची तिसरी शिट्टी 'रश' झाली, असं चिरंजीव जेवणाच्या टेबलावरून म्हणाले, तेव्हा बायकोनं आधी गॅस बंद केला आणि मग माझ्याकडे पाहिलं. हे सगळं तुझ्याकडून आलंय, असा त्या पाहण्याचा अर्थ. रश होणं म्हणजे लय सोडून पुढे पळणं. पहिल्या दोन शिट्ट्यांमधल्या अंतराच्या मानानं तिसरी लवकर आली, एवढंच त्याचं म्हणणं होतं. डाळ शिजली की नाही, हा त्याचा विषय नव्हता.

आम्ही इंडियानापोलिसच्या उपनगरात राहतो, हे आमचं प्राक्तन. ड्रम कोर इंटरनॅशनलची, म्हणजे 'कोर' म्हणवणाऱ्या वाद्यपथकांची, अंतिम स्पर्धा २००९ पासून आमच्याच गावात होते, लुकस ऑइल स्टेडियमवर, ऑगस्टच्या घामट उकाड्यात. (पहिले सहा महिने मी स्पेलिंग पाहून 'कॉर्प्स' म्हणायचो. त्याचा अर्थ प्रेत होतो, हे शेजाऱ्यानं फार हळुवारपणे सांगितलं.) पितळी वाद्यं, ढोलताफा आणि झेंडे नाचवणारी मंडळी मिळून एकेका कोरमध्ये दीडशेच्या वर पोरं मैदानभर पळत पळत वाजवतात. वयाची कमाल अट एकवीस. हजारो डॉलर फी भरायची, उन्हाळाभर रात्री बसमधून प्रवास करायचा आणि कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये फरशीवर पथारी टाकायची. "पैसे आपण द्यायचे आणि वर फरशीवरही आपल्यालाच झोपवणार?" हा बायकोचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

चिरंजीव सोळा वर्षांचे. शाळेच्या ड्रमलाइनमध्ये, म्हणजे ढोलवाल्यांच्या ताफ्यात, स्नेअर हा छोटा ढोल वाजवतात. सकाळी उठल्यावर 'एट्स': आठ ठोके उजव्या हातानं, आठ डाव्या, पुन्हा उजव्या, दात घासून होईपर्यंत. सरावाला रबराचं पॅड आहे, पण ते कधी जागेवर सापडत नाही. पोळपाट मात्र सापडतो. या स्नेअरला वर केव्हलार लावतात, तेच ते बुलेटप्रूफ जाकिटाचं कापड, आणि ते इतकं ताणतात की ढोलातून ढोलाचा आवाजच येत नाही. ओट्यावर लाटणं आपटल्यासारखा कोरडा टणत्कार येतो. तेव्हा पोळपाट हाच त्याला सगळ्यात जवळचा, हे त्याचं म्हणणं खोडता येत नाही. डावा हात तो पालथा न धरता उताणा धरतो. पूर्वी ढोल पट्ट्यानं एका बाजूला तिरका लटकायचा, म्हणून ती पकड आली. आता ढोल पोटासमोर आडवा सपाट असतो, तरी बऱ्याच ठिकाणी हात उताणाच. परंपरा! इथे मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

आणि तिथेच मी चुकलो. "अरे, मीही पुण्यात ढोल वाजवलाय," असं बोलून गेलो. मुठेच्या नदीपात्रात दोन महिने सराव, कमरेला करकचून बांधलेला ढोल, टिपरूनं सोललेली बोटं, लक्ष्मी रोड, सगळं रंगवून सांगितलं. आमचं लग्न जमण्यात त्या ढोलाचा थोडा हात आहे, हेही सांगितलं. परिणामी उपांत्य फेरीच्या दिवशी बापाला 'लॉट'मध्ये न्यायचं ठरलं.

लॉट म्हणजे स्टेडियमबाहेरची मोकळी जागा. तिथे ड्रमलाइन हात गरम करतात आणि खरे दर्दी म्हणे मैदानापेक्षा इथेच गर्दी करतात. आम्ही पोचलो तेव्हा पाच बास ड्रमवाले वाजवत होते. लहानापासून मोठ्यापर्यंत पाच आकार आणि एकेकाच्या वाट्याला एकेकच ठोका. एक वाक्य पाच जणांनी एकेक अक्षर वाटून बोलावं आणि ते एकानंच बोलल्यासारखं ऐकू यावं, तसा प्रकार. माझ्या अंगावर काटा आला. मी मनापासून म्हणालो, "भारी!"

"घाण," चिरंजीव म्हणाले.

"घाण," शेजारचे साठीचे गृहस्थ इंग्रजीतून म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे ओळखीनं पाहिलं. चौथ्यानं ठोका केसभर उशिरा दिला होता. याला टिक म्हणतात. १९८४ च्या आधी परीक्षक चुका मोजून गुण कापत, ती पद्धत बंद झाल्याचं दुःख या गृहस्थांना आजही ताजं होतं. ते सांता क्लारा व्हॅनगार्डचे. त्यांच्या पलीकडचे ब्लू डेव्हिल्सचे. दोन्ही कोर उत्तर कॅलिफोर्नियातले, म्हणजे भाऊबंदकी आलीच. तालवाद्यांचं बक्षीस फ्रेड सॅनफर्डच्या नावानं देतात आणि सॅनफर्ड आमचा ढोलगुरू, असं सांता क्लारावाले म्हणाले. ब्लू डेव्हिल्सवाले म्हणाले, २०१४ मध्ये आम्ही शंभरात ९९.६५ मिळवले, आजवर कुणाला जमले नाहीत. उरलेले पस्तीस शतांश कुठे गेले, यावर मग वीस मिनिटं कडाक्याची चर्चा झाली. एवढ्या वेळात आमच्याकडे मानाच्या गणपतीचा क्रम बदलून झाला असता.

मध्येच चिरंजीवांनी मला पुढे ढकललं. बाबापण ड्रमर आहे.

"तुमच्या लाइनमध्ये किती जण?" सांता क्लारावाल्यांनी विचारलं.

"सव्वाशे ढोल. ताशे वेगळे."

दोघंही गप्प झाले. इथे अख्ख्या लाइनीत बास पाच असतात. मला जरा बरं वाटलं.

"आणि एवढे सगळे तुम्ही क्लीन कसे करायचात?"

"विसर्जनानंतर," मी सांगितलं, "ओल्या फडक्यानं. गुलाल फार बसतो."

क्लीन म्हणजे सगळ्यांचे ठोके एका क्षणावर आणणं, हे मला चिरंजीवांनी गाडीत सांगितलं. घर येईपर्यंत नंतर कोणी बोललं नाही.

रात्री मात्र त्याला कुतूहल वाटलं असावं. २००६ च्या मिरवणुकीची मेहुण्यानं हँडीकॅमवर काढलेली फीत मी मागे कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती, ती त्यानं उघडली. हेडफोन लावले. वेग निम्मा केला. मी सोफ्यावर बेफिकीर बसलो होतो. गुलालाच्या ढगात सव्वाशे ढोल, त्यात कोणाची टिक सापडणार?

"बाबा, तिसरी रांग, डावीकडून दुसरा. तूच ना?"

"मीच."

त्यानं पुन्हा मागे घेतलं. वेग आणखी कमी केला.

"तुझं टिपरू ढोलाला लागतच नाहीये."

"काहीतरीच काय!"

"एकदापण नाही. टायमिंग मस्त आहे, पण सगळं हवेत."

बायको स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली. त्या वर्षी ती लक्ष्मी रोडच्या कडेला मैत्रिणींबरोबर उभी होती आणि मी फीतीत असतानाच तिनं मला पहिल्यांदा पाहिलं होतं. ती स्क्रीनपाशी वाकली, चष्मा मनगटानं वर सारला आणि म्हणाली,

"परत लाव रे. अजून हळू."