गुडघ्याचे रकाने

काल पहाटे तापमान ८ अंशांपर्यंत उतरेल, असे मी परवा संध्याकाळी जिन्यात उभा राहून पाच-सहा जणांना छातीठोकपणे सांगितले होते. ते उतरले १४ अंशांपर्यंत, आणि तेही नाखुशीनेच. माझ्या शब्दाखातर कानटोप्या घालून बाहेर पडलेली मंडळी सकाळी त्या हातात धरून माझ्याकडे पाहत होती.

परवा आकाश निरभ्र होते, वारा पडला होता आणि हवा कोरडी होती. अशा रात्री जमीन आपली उष्णता बिनदिक्कत अवकाशात सोडून देते आणि सूर्योदयाच्या सुमारास पारा तळ गाठतो. परंतु मध्यरात्रीनंतर ढग आले. ढग ही उष्णता शोषून घेतात आणि त्यातील बराच भाग पुन्हा खाली पाठवतात, हे मला चांगले ठाऊक होते. ढगांनी येण्यापूर्वी कळवले नव्हते, इतकेच.

शेजारचे काका हे सर्व डावा गुडघा चोळत ऐकत होते.

“याला कालच कळलं होतं,” ते गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

“काय कळलं होतं?”

“थंडी पडत नाही ते.”

“कशावरून?”

“दुखला नाही.”

“काका, सोमवारीही तो दुखला नव्हता, आणि सोमवारी तर कडाक्याची थंडी होती!”

“सोमवारी उजवा दुखत होता. अहो, थंडीचं खातं उजव्याकडे असतं. डावा ढगांचं बघतो.”

यावर कोणी हसेल, अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी सर्वांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि एका गृहस्थांनी, रविवारी बाहेर पडावे की नाही, हे माझ्यादेखत डाव्या गुडघ्याला विचारले. वृत्तपत्रातून हवामानाचे अंदाज देण्यास १८६१ मध्ये सुरुवात करणाऱ्या रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याचीही अशीच टिंगल झाली होती, या माहितीचा त्या क्षणी मला काडीचाही आधार वाटला नाही.

माझा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर आहे. अशा पेटीची रचना करणारे थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे अभियंते होते. त्यांना निदान रात्री जागणाऱ्या माणसाची कदर असावी. मी ऐन थंडीत पहाटे उठून नोंदी करतो. अंदाज बरोबर आला, तर “हिवाळ्यात थंडी पडणारच, त्यात तुम्ही काय सांगितलंत?” असे ऐकवले जाते, आणि चुकला, तर तो आठवडाभर माझ्या नावाने ओळखला जातो. गुडघा किती वेळा चुकला, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण गुडघ्याची नोंदवही कोणी ठेवलेलीच नसते.

म्हणून काल रात्री मी माझ्या वहीत किमान तापमान, वारा आणि ढग यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखले: डावा आणि उजवा. आज संध्याकाळी पेन सरसावून मी काकांना उद्याचे विचारले. त्यांनी वही निरखून पाहिली, दोन्ही गुडघ्यांवर सावकाश शाल ओढली आणि म्हणाले, “दुखतायत दोन्ही. पण कशासाठी, ते उद्या सकाळी सांगतो.”